ट्रेडमिल जमत नसेल तर: औषध देऊन होणाऱ्या स्ट्रेस टेस्ट कितपत कामाच्या?

हृदयावर ताण आणून त्याला रक्त पुरेसं पोचतं का हे पाहायचं, ती स्ट्रेस टेस्ट. गुडघे कामातून गेलेत, पक्षाघात झालाय किंवा पायातल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, अशा रुग्णाला ट्रेडमिलवर कसंबसं चालवून काही हाती लागत नाही. २२० वजा वय, त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत ठोके गेले नाहीत तर ‘नॉर्मल’ रिपोर्टवर विसंबता येत नाही. तिथे औषधच हवं.

आमची पहिली पसंती रेगाडेनोसॉन (हृदयाच्या रक्तवाहिन्या फुलवणारं औषध) देऊन केलेल्या हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या स्कॅनला. ०.४ मिलिग्रॅमचा एकच डोस, वजनाचं गणित नाही. साधारण १० सेकंदांत शिरेत सोडायचा, मागोमाग ५ मिली सलाईन आणि १०-२० सेकंदांनी टेक्नेशियमचं, म्हणजे स्कॅनमध्ये दिसणाऱ्या किरणोत्सर्गी द्रव्याचं, इंजेक्शन. चेहरा तापतो, धाप लागते, छातीवर दडपण येतं. रुग्णाला हे आधीच सांगून ठेवलं की तो घाबरत नाही. बहुतेकांचं काही मिनिटांत ओसरतं. नाही ओसरलं तर त्यावरचा उतारा, अमिनोफायलिन, हाताशी असलंच पाहिजे.

तसंच काम करणारं ॲडेनोसिनही चांगलं, पण ते पंपावर ४ ते ६ मिनिटं द्यावं लागतं आणि दम्याच्या रुग्णाला चालत नाही. छातीत घरघर चालू असेल तर रेगाडेनोसॉनही नकोच.

या दोन्हींचा सगळ्यात जास्त घात होतो तो चहा-कॉफीने. कॅफीन नेमका तोच रिसेप्टर अडवतं ज्यावर औषध काम करतं. रक्तवाहिन्या पुरेशा फुलत नाहीत आणि खरा अडथळा स्कॅनमध्ये लपून जातो. किमान १२ तास, शक्यतो २४ तास बंद; चॉकलेट, कोला आणि कॅफीन असलेल्या डोकेदुखीच्या गोळ्यासुद्धा.

दमा असेल तर डोब्युटामिन इको, म्हणजे ठोके वाढवणारं औषध देऊन हृदयाची सोनोग्राफी. यात किरणोत्सर्ग नाही. दर मिनिटाला किलोमागे ५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात, दर ३ मिनिटांनी वाढवत ४० पर्यंत. तरी ठोके कमी पडले तर ते आणखी वाढवायला ॲट्रोपिन. चाचणी फसते ती बहुधा बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) चालू राहिल्याने. मात्र तो डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नये. छातीतून चित्रच धूसर येत असेल तर इकोचा आग्रह सोडावा. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विद्युत संदेशात अडथळा) असेल तर मात्र स्कॅनच बरा, आणि तोही रेगाडेनोसॉन किंवा ॲडेनोसिनवर.

स्कॅनची एक उणीव गंभीर आहे. तिन्ही मुख्य रक्तवाहिन्या सारख्याच अरुंद असतील तर रक्तपुरवठा सगळीकडे सारखाच कमी होतो, आणि तुलनेला निरोगी भागच उरत नसल्याने चित्र स्वच्छ दिसू शकतं. म्हणून औषध दिल्यावर रक्तदाब घसरला, ईसीजी बदलला किंवा हृदयाचा डावा कप्पा फुगलेला दिसला, तर रिपोर्ट नॉर्मल असूनही अँजिओग्राफीचा विचार करावाच.