1064 : लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा माझा अनुभव

हे गेल्यावर दोन एकरांच्या वारस नोंदीसाठी चार महिने सरकारी कार्यालयात खेपा घातल्या. शेवटी तिथल्या कर्मचाऱ्याने सहा हजार मागितले, "तुमच्यासाठी चारात करतो" म्हणाला. त्याच कार्यालयाच्या भिंतीवर लाचेची तक्रार करायच्या 1064 या फोन नंबरचा फलक होता. घरी येऊन फोन लावला.

फोन लावायचा धीर आला तो ह्यांच्यामुळे. 2014 साली प्रवीण दीक्षित या विभागाचे महासंचालक होते, तेव्हा वर्षभरात सापळे दुपटीवर गेले. रोज पेपरात कुणी ना कुणी सापडलेलं असायचं आणि हे ती बातमी मोठ्याने वाचून दाखवायचे. पुढच्याच वर्षी दीक्षितसाहेब राज्याचे पोलीस महासंचालक झाले, 2016 ला निवृत्त झाले. वरचा माणूस मनावर घेतो तेव्हा खालचा शिपाईसुद्धा ताठ उभा राहतो, असं हे म्हणत.

आता सेवेबद्दल. फोन केला म्हणजे लगेच धाड पडत नाही. आधी पडताळणी होते. मला रेकॉर्डर दिला, बरोबर पंच दिले. पंच दुसऱ्या खात्यातले सरकारी नोकर होते. मागणी खरी निघाली, मग सापळा. पैसे माझेच. नोटांचे नंबर लिहून घेतले, वर फिनॉल्फथॅलीनची पावडर लावली, ती बोटांना लागली की सोडिअम कार्बोनेटच्या पाण्यात गुलाबी रंग येतो. मला दोनदा बजावलं, "ताई, त्यांनी मागितल्याशिवाय पैसे पुढे करायचे नाहीत." पैसे घेतले की डोक्यावर पदर घ्यायचा, हा इशारा ठरला.

पदर घेताना हात थरथरत होता. पण दारात माणसं आलीच. त्याची बोटं सोडिअम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली आणि पाणी गुलाबी झालं. मी ते डोळ्यांनी पाहिलं.

मला सगळ्यात आवडलं ते बोलणं. एकदाही कुणी एकेरीत बोललं नाही. जबाब वाचून दाखवला, मगच सही घेतली.

बायांनो, एक लक्षात ठेवा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. आधीच कळवलंत तर तुमच्यावर काही येत नाही. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवा. पुढे कोर्टात साक्षीला जावं लागतं, तेही मनाशी धरा.

चार हजार नंतर परत मिळाले. नोंद झाली. सातबाऱ्यावर माझं आणि दोन्ही मुलींचं नाव लागलं आहे.