झेंडेवाल्याला मार पडला तर: १३२ लावायचं की साधी मारहाण?

रस्त्याच्या कामावर झेंडा दाखवून वाहतूक सोडणाऱ्या आपल्या माणसावर गाडीवाल्याने हात उचलला की संध्याकाळी ओळखीच्या सुपरवायझरांचे फोन येतात. प्रश्न एकच असतो, "सरकारी कामात अडथळ्याचं कलम लावू, की साधी मारहाण देऊ?" मी वकील नाही, ठेकेदाराकडे साइट बघतो. पण दोन्ही वाटांनी एकेकदा ठाण्याची पायरी चढलोय, म्हणून सांगतो.

कागदावर पाहिलं तर निवड सोपी वाटते. अडथळ्याचं कलम म्हणजे भारतीय दंड संहितेचं जुनं ३५३. महाराष्ट्राने त्याची शिक्षा वाढवून ५ वर्षांपर्यंत नेली होती, तो दरारा अजून लोकांच्या तोंडात आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला मात्र भारतीय न्याय संहितेचं १३२ लागतं आणि त्यात शिक्षा २ वर्षांपर्यंत. इजा झाली असेल तर १२१, तिथे ५ वर्षांपर्यंत. दोन्ही दखलपात्र, दोन्ही अजामीनपात्र. याउलट साध्या मारहाणीचं ११५(२) म्हणजे फार तर १ वर्ष किंवा १० हजारांपर्यंत दंड, आणि मुख्य म्हणजे अदखलपात्र. पोलिस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतात, तुमच्या हातात कागद देतात आणि कोर्टाकडे बोट दाखवतात.

मग १३२ सोडून दुसरं कोण घेईल? मीही पहिल्यांदा तेच धरलं.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. घाटाखालच्या एका राज्यमार्गावर अर्ध्या रुंदीत डांबराचं कार्पेट चाललं होतं, उरलेल्या अर्ध्यातून आळीपाळीने वाहतूक सोडत होतो. माल गरम आहे तोवर रोलर फिरला पाहिजे, त्यामुळे मध्येच कुणाला वाट देता येत नाही. झेंड्यावर यवतमाळकडचा एक पोरगा होता. रांगेतला तिसरा गाडीवाला उतरला, पोराच्या दोन कानफटात दिल्या आणि लाल झेंडा हिसकावून ताज्या कार्पेटवर फेकला. कापड डांबराला चिकटलं. रोलरवाल्याने रोलर थांबवला आणि खाली उतरून पान्याच्या टोकाने ते खरवडून काढलं.

ठाण्यात मी जोरात सांगितलं की सरकारी काम अडवलंय, १३२ लावा. अंमलदार माणूस चांगला होता. म्हणाला, "काम सरकारी आहे हो. माणूस सरकारी आहे का?"

सगळं इथेच अडतं. हे कलम कामाला नाही, लोकसेवकाला संरक्षण देतं. लोकसेवक कोण याची व्याख्या संहितेच्या २(२८) मध्ये आहे: शासनाच्या सेवेत असलेला किंवा शासनाकडून पगार घेणारा, स्थानिक संस्थेचा, महामंडळाचा वगैरे. बांधकाम खात्याचा मैलकुली, म्हणजे रस्त्याची निगा राखणारा मजूर, त्यात सरळ बसतो. आमच्या पोराची हजेरी ठेकेदार देतो. तो सार्वजनिक कर्तव्यच करत होता, असा युक्तिवाद वकील करतात, कदाचित टिकतही असेल. पण तो टिकतो का हे बघण्यासाठी रोजंदारीच्या माणसाला कोर्टात उभं करावं, असं मला वाटत नाही.

अंमलदाराने तरी दार बंद केलं नाही. "खात्याचं पत्र आणा, की हा शासकीय कामावर होता. मग बघू."

त्या पत्राने मला पुरतं शहाणं केलं. कोणतं कार्यालय ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. आधी कार्यारंभ आदेशाची प्रत मागितली. मग मजुराचं नाव हजेरीपटावर आहे का, हे विचारलं. मग साहेब रजेवर. एकोणिसाव्या दिवशी पत्र मिळालं आणि त्यात लिहिलं होतं, "सदर इसम हा ठेकेदाराचा कामगार असून..." पुढचं वाचायची गरजच नव्हती. तोवर पोरगा गावी गेला होता, गालावरचा वळ गेला होता, आणि पत्राच्या नादात वैद्यकीय तपासणी राहूनच गेली होती. एनसीसुद्धा झाली नाही, कारण मीच भारी कलमासाठी अडून बसलो होतो.

दिवाळीनंतर दुसऱ्यांदा वेळ आली. या खेपेला गाडीवाल्याने डिकीतून व्हील पाना काढून आमच्या मुकादमाच्या कोपरावर मारला. मी कलमाचा आकडा तोंडातून काढला नाही. काय घडलं तेवढं क्रमाने सांगितलं, पाना दाखवला, पोलिस यादी, म्हणजे तपासणीसाठीचं पोलिसांचं पत्र, घेऊन मुकादमाला ग्रामीण रुग्णालयात नेलं आणि जखमेची नोंद करून परत आलो. तो पाना डोक्यात बसला असता तर काय झालं असतं, हे अंमलदाराला समजावावं लागलं नाही. घातक हत्याराने दुखापतीचं ११८(१) लागलं: ३ वर्षांपर्यंत, दखलपात्र. एफआयआरची प्रत त्याच रात्री हातात. खात्याला मी दुसऱ्या दिवशी फक्त कळवलं.

म्हणजे साधी वाट वाटते तितकी साधी नाही, फक्त हकीकत पुरती सांगावी लागते. हाड मोडलं किंवा दात पडला तर ११७, तिथे ७ वर्षांपर्यंत. १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजचं काम करता आलं नाही तरी ती गंभीर दुखापत धरतात, म्हणून मजूर किती दिवस कामावर आला नाही ते हजेरीपटावर नीट दिसू द्या. अंगावर गाडी घातली असेल तर बेदरकार गाडी चालवण्याचं २८१ आणि जीव धोक्यात घालण्याचं १२५ आहे. ठाण्याची हद्द कुणाची यावर घोळ झाला तर झिरो एफआयआरचा, म्हणजे हद्द न बघता कोणत्याही ठाण्यात नोंदवायच्या एफआयआरचा, आग्रह धरा. रस्त्याच्या कामात हद्द हमखास मध्येच बदलते.

नुसती थप्पड असेल तर मात्र ही वाट लंगडी आहे, हे कबूल. एनसीत दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिस तपास करू शकत नाहीत. तरी एक बाब लक्षात घ्या. ११५(२) मार खाल्लेल्या माणसाला स्वतः मिटवता येतं, १३२ तसं मिटत नाही, त्यासाठी उच्च न्यायालय गाठावं लागतं. आमच्या मजुरांना बहुतेक वेळा औषधाचे पैसे, बुडालेली हजेरी आणि चारचौघांत मागितलेली माफी हवी असते. तुमच्या माणसाला काय हवंय, ते आधी त्यालाच विचारा.

१३२ टाकाऊ आहे असं नाही. जागेवर मैलकुली किंवा शाखा अभियंता हजर असेल आणि धक्काबुक्की त्यालाही झाली असेल, तर त्याने स्वतः फिर्याद द्यावी आणि बेलाशक १३२ लावावं. त्याच्या नावाने आपण देऊ नये. नुसती शिवीगाळ झाली असेल तर त्याचीही दमछाक होईल. बंगळुरूच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर टीका केली म्हणून लावलेलं ३५३ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं होतं. बळाचा वापर दिसावा लागतो.

कोणतीही वाट धरा, समोरचा वकील पहिल्यांदा विचारणार की आगाऊ सूचनेचे फलक आणि शंकू जागेवर होते का. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) एसपी ५५ या कामाच्या जागेवरील वाहतूक नियमावलीप्रमाणे केलेल्या मांडणीचा फोटो रोज सकाळी काढून ठेवत जा.

डॉक्टरांसाठी राज्यात २०१० चा वेगळा कायदा आहे, पत्रकारांसाठी २०१७ चा. भर रस्त्यात झेंडा घेऊन उभ्या असलेल्या ठेकेदाराच्या मजुराला तसं काही नाही. एकाच रस्त्यावर मैलकुलीला मारलेल्या थपडेची किंमत वेगळी आणि आमच्या पोराला मारलेल्या थपडेची वेगळी, हे मला आजही पटत नाही. पण सध्या आहे ते असं आहे, आणि मी तरी पुन्हा त्या पत्रासाठी थांबणार नाही.

यवतमाळचा पोरगा यंदा परत आलाय. झेंडा नको म्हणाला, ‘थांबा-जा’ची पाटी मागून घेतली. तिचा दांडा लांब असतो.