गोठलेल्या दवासाठी एक जुनी मॅक्रो लेन्स

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या आमच्या घरामागे जेमतेम बारा पावलांची बाग आहे आणि हिवाळ्यात तिच्यात पाहण्यासारखे काही उरत नाही, असे पहिली दोन वर्षे माझे ठाम मत होते. मग एका डिसेंबरात कुंपणालगतच्या बडीशेपेच्या वाळक्या तुऱ्यावर दव गोठलेले दिसले, मोबाइलच्या छायाचित्रात मात्र तिथे पीठ सांडल्यासारखा डाग उमटला, आणि त्या वैतागातून कॅननची ‘ईएफ १०० मिमी एफ/२.८ एल मॅक्रो आयएस यूएसएम’ ही अगदी जवळून टिपणारी, म्हणजे मॅक्रो, लेन्स घरात आली. ती २००९ साली बाजारात आली. मी ती वापरलेली घेतली आणि गेले तीन हिवाळे जवळपास याच एका कामासाठी वापरतो आहे, त्यामुळे पुढचे मत त्या कामापुरतेच समजावे.

हे काम घाईचे असते. निरभ्र, निवांत रात्री पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडून भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होतात आणि हवेतली वाफ पाणी न होता थेट बर्फाच्या सुया बनून त्यांवर बसते. म्हणूनच हवेचा पारा शून्याच्या थोडा वर असतानाही हा प्रकार घडतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठल्याच्या ज्या बातम्या दर थंडीत आपण वाचतो, त्यांच्यामागेही हेच कारण आहे. या सुया पानाच्या कडांवर आणि लवेवर सर्वांत दाट असतात. आमच्याकडे डिसेंबरात सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो, तिरके ऊन कुंपण ओलांडून वाफ्यात येते आणि ते आल्यापासून सुया गळेपर्यंत मला पंधरा-वीस मिनिटांहून अधिक वेळ कधी मिळालेला नाही. एवढ्या वेळात प्रत्येक झाडापाशी ट्रायपॉड मांडत बसणे शक्य नाही.

इथेच ही लेन्स आपली किंमत वसूल करते. हात थरथरताना कॅमेरा नुसता कलत नाही, तर वर-खाली आणि आजूबाजूला सरकतोही, आणि विषय जितका जवळ तितके हे सरकणे अधिक जाचते. या लेन्समधली ‘हायब्रिड आयएस’ ही यंत्रणा दोन्ही हालचाली सावरते. कॅननच्या म्हणण्यानुसार दूरच्या विषयासाठी ती चार स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) आणि १:१ इतक्या जवळिकीवर, म्हणजे विषय सेन्सरवर प्रत्यक्षाएवढाच उमटतो तिथे, दोन स्टॉपचा आधार देते. माझा अनुभव त्या दाव्याच्या आसपास जातो, मात्र वाऱ्याने हलणाऱ्या काडीपुढे कोणतीही यंत्रणा हतबलच असते, हे विसरू नये.

सर्वांत जवळचे फोकस ३० सेंटिमीटरवर होते, पण हे अंतर कॅमेऱ्याच्या सेन्सरपासून मोजलेले असते. लेन्सच्या तोंडापासून फुलापर्यंत जेमतेम वीतभरही जागा उरत नाही, आणि हूड लावला की तीही कमी होते. या जवळिकीची शिक्षा मला पहिल्याच सकाळी मिळाली. गुलाबाच्या लाल फळावर सुयांचे सुंदर काटेरी टोपडे बसले होते. मी फोकस जुळवत वाकलो, नि:श्वास सोडला, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये पाहता पाहता त्या टोपड्याचे पाणी झाले. तेव्हापासून शटर दाबेपर्यंत श्वास रोखतो आणि मग तोंड बाजूला वळवून सोडतो. शेजारच्या आजींना हे योगासन वाटते.

फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे किती भाग स्पष्ट दिसतो, हा दुसरा कस. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर १:१ ला ॲपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र) एफ/८ ठेवले, तरी स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे एक मिलिमीटरचा असतो, आणि छिद्र एफ/१६ हून बारीक केल्यास विवर्तनामुळे, म्हणजे त्यातून जाताना प्रकाश पसरल्याने, सुयांची धार बोथट होते. म्हणून मी अर्ध्या आकारावर समाधान मानतो. तिथे हाच पट्टा जवळपास तिप्पट होतो आणि लॅम्ब्ज इअर या बागेतल्या झाडाचे लवदार पान कडेपासून शिरेपर्यंत नीट उतरते. नऊ पात्यांचे गोलसर ॲपर्चर मागच्या वितळलेल्या थेंबांच्या ज्या मऊ चकत्या करते, त्या मात्र मला कधीकधी विषयापेक्षा अधिक आवडतात.

कॅमेऱ्याचे मीटर पांढऱ्या पसाऱ्याला करडा करू पाहते, त्यामुळे एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवावे लागते. उन्हातल्या सुया जळू नयेत म्हणून हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर) डोळा ठेवावा. पुढचे संस्करण मी रॉ फाइलवर (सेन्सरच्या कच्च्या नोंदीवर) ‘डार्कटेबल’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करतो. ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगछटा आपोआप जुळवणारी सोय) सावलीतली निळाई पुसून टाकतो आणि चित्र दुपारचे वाटू लागते. मी ती निळाई सावल्यांत राखून फक्त उन्हाच्या कडेला किंचित ऊब येऊ देतो. लोकल कॉन्ट्रास्टचा, म्हणजे बारीक तपशिलांतला उजेड-अंधाराचा फरक वाढवण्याचा, मोह टाळावा, कारण थोडा जरी अतिरेक झाला, तरी दवाचे जाडे मीठ होते. लेन्स मुळातच इतकी टोकदार आहे की शार्पनिंगची पट्टी मी बहुतेक वेळा हलवतही नाही.

वजन ६२५ ग्रॅम आहे, ते हातमोज्यांत जाणवते. ट्रायपॉडची कडी वेगळी घ्यावी लागते. धूळ-पाण्यापासूनचे संरक्षण चांगले असले, तरी थंडगार लेन्स तशीच उबदार स्वयंपाकघरात आणली की काचेवर बाष्प धरते. बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करावे आणि तासाभराने उघडावे.

कॅननचा जुना डीएसएलआर असलेल्यांनी वापरलेली प्रत मिळाल्यास निःशंक घ्यावी. आर मालिकेच्या मिररलेस कॅमेऱ्यावरही ती अडॅप्टर लावून चालते. मात्र नवाच संच जुळवणाऱ्यांनी आधी याच मिररलेस कॅमेऱ्यांसाठीची कॅननची २०२१ ची ‘आरएफ १०० मिमी’ मॅक्रो लेन्स हातात घेऊन पाहावी, कारण ती सेन्सरवर प्रत्यक्षाच्या १.४ पट मोठी प्रतिमा देते. बडीशेपेच्या तुऱ्याला तेवढी गरज नाही; एकेका सुईच्या मागे लागणाऱ्यांना आहे.