बीपीडीसाठी डीबीटी थेरपी: पुण्यातल्या एका केंद्राबद्दल आईचा अभिप्राय

माझ्या चोवीस वर्षांच्या लेकीला बीपीडी (बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना आवरणं फार जड जातं असा मानसिक आजार) आहे. आधीच्या एका ठिकाणी गोळ्या वाढत गेल्या, वर "मुलगी नाटकं करते" हेही ऐकून घ्यावं लागलं. आता ती पुण्यात डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी थेरपी) घेते. फी भरण्याआधी काय विचारायचं हे इतर पालकांना कळावं म्हणून लिहिते आहे.

पूर्ण डीबीटीत आठवड्याला एक वैयक्तिक सेशन, एकदा कौशल्यांचा गट, मधल्या दिवसांत फोनवर मदत आणि थेरपिस्टांची आपसातली बैठक, एवढं सगळं येतं. नुसता गट घेऊन "डीबीटी" म्हणणाऱ्यांकडे पैसे भरू नका. इथे चारही गोष्टी आहेत.

सगळ्यात उपयोग झाला तो फोनचा. नियम कडक आहे: स्वतःला इजा करावीशी वाटली की आधी फोन करायचा. इजा करून झाल्यावर चोवीस तास तिच्या थेरपिस्ट मॅडम फोनवर बोलत नाहीत. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. मला हे फार निष्ठुर वाटलं होतं. पण मैत्रिणीने मेसेजला उत्तर दिलं नाही म्हणून रात्री थरथरत बसलेल्या माझ्या पोरीने स्वतःहून नंबर लावला. थंडगार पाण्यात चेहरा बुडव, मग श्वास सावकाश सोड, एवढंच मॅडमनी सांगितलं. ती रात्र निभावली. (हृदयाचा त्रास असेल तर पाण्याचा उपाय डॉक्टरांना विचारूनच करावा.)

थेरपीला जायला ती तयार झाली मार्शा लिनेहान यांच्याबद्दल वाचून. त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, डीबीटी त्यांनीच उभी केली. तरुणपणी आपणही स्वतःला इजा करायचो, इस्पितळात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीर सांगितलं.

उणिवाही आहेत. फी जड जाते, आणि आमच्या विम्यात सेशन बसत नाहीत. वर्कशीट सगळ्या इंग्रजीत. मॅडम मराठीत छान समजावतात, पण घरी ह्यांना त्यातलं काही वाचता येत नाही. पालकांसाठी वेगळा वर्ग नाही, तो हवाच. रोजचं डायरी कार्ड (त्या दिवसाच्या भावना, इजा करायची ओढ हे टिपायचा तक्ता) मात्र तिचं तिने भरायचं. मी ते बघायला मागत नाही.

गटात जागा लवकर मिळत नाही, नाव आधीच नोंदवून ठेवा. तोवर रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा आहे, १४४१६. फोन मोफत, आणि मराठीत बोलता येतं.