अंतर्गत समिती की स्थानिक समिती?

कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ म्हणजे समानतेच्या हक्काचा भंग, असं 2013चा कायदा स्पष्ट म्हणतो. पण तक्रार करायची कुठे?

हिंजवडीतल्या आयटी कंपनीत असाल तर अंतर्गत समितीकडे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे ती नेमणं मालकाला बंधनकारक आहे; नेमली नाही तर 50 हजारांपर्यंत दंड. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, शिवाय बाहेरचा एक सदस्य. समिती जवळची, कामकाज माहीत असलेली. पण बाकीचे सदस्य त्याच कंपनीच्या पगारावर असतात, हे विसरून चालत नाही. बाहेरचा सदस्य खमका असेल तर निम्मी काळजी मिटते, एवढं माझं मत.

लक्ष्मी रोडवरच्या चार-पाच जणांच्या दुकानात काम करणारीने, किंवा आरोप खुद्द मालकावरच असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावं. कोथरूडमध्ये धुणीभांडी करणाऱ्या मावशींनाही हीच वाट. मालकाच्या प्रभावाबाहेरची म्हणून मला ती अधिक भरवशाची वाटते. मात्र ती आहे हेच अनेकींना ठाऊक नसतं.

मुदत दोन्हीकडे सारखीच: घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने. चौकशी 90 दिवसांत. चौकशीदरम्यान बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मागता येते. ती लेखीच मागा.