टेस्ट लॅम्प की मल्टिमीटर: गाडीच्या वायरिंगसाठी आधी काय घ्यावं?

एकच वस्तू घेणार असाल तर मल्टिमीटर घ्या. गाडी बीएस-६, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची असेल तर दुसरा विचारच नको.

टेस्ट लॅम्पमधला ३ ते ५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पाव ते जवळपास अर्धा अँपिअर करंट खेचतो. हॉर्न, हेडलाइट, फ्यूज बघताना त्याने काही बिघडत नाही. पण सेन्सरच्या ५ व्होल्टच्या वायरीला किंवा ईसीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, पिनेला तेवढा भार झेपेलच असं नाही, आणि ईसीएम जळाला की खर्च कुठल्या कुठे जातो. डिजिटल मीटर व्होल्टवर असताना करंट जवळजवळ घेतच नाही.

तरी जुने इलेक्ट्रिशियन बल्ब सोडत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत, पावसाळ्यात कपलरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगच्या, पिना हिरव्या पडतात. जोड असा गंजलेला असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, हॉर्न मात्र वाजत नाही. बल्ब तिथे मिणमिणतो आणि चोरी पकडतो. एलईडी टेस्टर अशा जोडावरही झगझगीत पेटतो, म्हणून तो घेऊ नका.

ही चोरी मीटरनेही पकडता येते. हेडलाइट चालू ठेवा. मीटर व्होल्टवर, त्याचा एक प्रोब बॅटरीच्या मायनसला, दुसरा हेडलाइटच्या कपलरच्या मागून अर्थच्या, म्हणजे मायनसच्या, पिनेला. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला की अर्थ खराब समजा. लाइट बंद ठेवून मोजलंत तर शून्यच दिसेल. वायर टोचून मात्र बघू नका. त्या भोकातून पावसाचं पाणी आत जातं आणि पुढच्या वर्षी तिथेच फॉल्ट येतो.

मीटरचा खरा धोका लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहण्याचा. तसेच प्रोब बॅटरीला लावले की थेट शॉर्ट! स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बऱ्याचदा फ्यूजच नसतो, वायर वितळते, हात भाजतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मीटर घेताना भोकाशेजारचं वाचा. ‘अनफ्यूज्ड’ छापलं असेल तर परत ठेवा. ओहम (रोध मोजणं) आणि बझर (वायर तुटली का बघणं) फक्त बॅटरी काढून.

एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या, वायरींना बल्ब आणि मीटर दोन्ही लावू नका. ओहमवर मीटर स्वतःच्या सेलचा करंट सोडतो, त्यानेही एअरबॅग फुटू शकते. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबल तर प्रशिक्षित माणसाशिवाय कोणीच उघडू नयेत.