डेक तीन, ट्रक-चाकं तीच: लाँगबोर्डचा दहा महिन्यांचा अनुभव

पहिला डेक, म्हणजे लाँगबोर्डची (लांब स्केटबोर्डची) उभं राहायची फळी, मी स्वतःसाठी घेतलाच नव्हता. घेतला तो व्हिडिओतल्या माणसासाठी. तो नागमोडी उतारावरून सुसाट येतो, वळणावर एक हात जमिनीला टेकवतो, बोर्ड आडवा घालतो आणि जणू काही झालंच नाही असा पुढे निघून जातो. मी मात्र रोज तीस-चाळीस मिनिटं सपाट रस्त्यावर पाय मारत जाते. हा फरक पैसे मोजताना लक्षात आला नाही. नंतर गुडघ्याने लक्षात आणून दिला.

दहा महिन्यांत डेक तीन झाले, पण ट्रक (डेकखाली चाकं धरणारे, झुकलं की वळणारे धातूचे भाग) आणि चाकं तीच राहिली: 180 मिलिमीटर रुंद, 50 अंशांचे रिव्हर्स किंगपिन ट्रक (किंगपिन म्हणजे ट्रकचे भाग जोडणारा मुख्य बोल्ट) आणि 70 मिलिमीटरची, 80ए कडकपणाची चाकं. म्हणून पुढे जो फरक सांगतेय, तो डेकचाच.

पहिला 36 इंची, कडक मेपलचा टॉप माउंट, म्हणजे ट्रक सरळ डेकच्या खाली बसवायचे. दोन ट्रकमधलं अंतर 24 इंच. बाजू वर उचललेल्या आणि मधोमध एक उंचवटा, म्हणजे डब्ल्यू कॉन्केव्ह. खाली न बघता पाय नेमका कुठे आहे ते कळतं, टाच आणि चवडा अडकवायला जागा मिळते. उतारावर स्लाइड मारणाऱ्याला, म्हणजे बोर्ड आडवा घसरवणाऱ्याला, हेच हवं असतं. पण सपाट रस्त्यावर पुढचा पाय सगळा वेळ बोर्डावरच असतो, आणि तो उंचवटा दहा मिनिटांत तळव्याला टोचायला लागतो. त्यात उंची. ढकलण्यासाठी मागचा पाय जमिनीला टेकवायचा तर प्रत्येक वेळी पुढच्या गुडघ्यावर बसल्यासारखं वाकावं लागतं. एका फेरीत हे शेकडो वेळा. तिसऱ्या आठवड्यात मी जिना धरून उतरत होते. डेकमध्ये खोट काहीच नाही. तो ज्या कामासाठी आहे ते काम माझ्या आयुष्यात महिन्यातून एकदा येतं, इतकंच.

दुसरा 40 इंची ड्रॉप-थ्रू. यात डेकला दोन्ही टोकांना खाच असते, ट्रकचा बेसप्लेट (डेकला बोल्टने जोडायचा भाग) वरून बसतो आणि हँगर (चाकांचा आस धरणारा भाग) खालून. पट्टी लावून मोजलं तर उभं राहण्याची जागा जेमतेम दोन सेंटिमीटर खाली आली. दोन सेंटिमीटर! मला हसूच आलं होतं. पण पहिल्याच दिवशी त्याच रस्त्याला दम कमी लागला आणि महिन्याभरात गुडघ्याची तक्रार थांबली. पायाने ब्रेक लावतानाही तोल जात नाही. शिवाय चाकांच्या वर लाकूडच नाही, ते कापलेलं असतं. त्यामुळे वळताना चाक डेकला घासण्याचा प्रश्न मिटला.

बसवताना मात्र मी माती खाल्ली. हँगर सुटा करावा लागतो, म्हणजे किंगपिनचा नट काढा, बुशिंगची (किंगपिनवरच्या रबरासारख्या कड्यांची) क्रमवारी लक्षात ठेवा, परत लावा. रात्री घाईत मागचा ट्रक उलटा लागला. सकाळी उजवीकडे झुकले तर बोर्ड वळेचना, नाक समोर ठेवून खेकड्यासारखा तिरका सरकू लागला. दोन्ही ट्रक उलटे लागले असते तर उजवीकडे झुकल्यावर तो डावीकडे गेला असता. रिव्हर्स किंगपिनचा नट बाहेरच्या बाजूला, म्हणजे नाकाकडे आणि शेपटीकडे यायला हवा. एवढं बघितलं की पुरे.

ड्रॉप-थ्रू कंटाळवाणा आहे का? थोडासा. पाय आसाच्या जवळ आल्याने कडेवर दाब दिला तरी तरफ कमी पडते, आणि माझ्या डेकवर दोन ट्रकमध्ये 31 इंच अंतर असल्याने वळण मोठं होतं. अरुंद फुटपाथवर उलट फिरायचं तर उतरून बोर्ड हाताने वळवते.

या कंटाळ्यापोटीच तिसरा आला: 38 इंची, बांबू आणि फायबरग्लासचा, मध्ये किंचित कमानीसारखा उचललेला. कार्व्हिंग, म्हणजे सलग डावी-उजवी वळणं घेत जाणं, काय असतं ते मला याने शिकवलं. वळणात शिरताना डेक दबतो, बाहेर पडताना पायाखालून उसळी देतो, आणि नुसतं डावं-उजवं करत हलक्या चढावरही वेग टिकतो. पण लवचीक डेक वजन बघून घ्यायचा असतो, आणि मी दिसण्याकडे बघितलं. माझं वजन 74 किलो, डेक हलक्या माणसासाठीचा. मी उभी राहिले की कमान सपाट होऊन उलट झोळ पडतो. घेण्याआधी कुणाला तरी बाजूने वाकून बघायला सांगा. नुसतं उभं राहून झोळ दिसत असेल तर एक पायरी कडक घ्या.

या डेकवर एकदा वाईट पडले. मजा यावी म्हणून ट्रक सैल केले, एका घट्ट वळणात पुढचं चाक डेकच्या तळाला टेकलं आणि बोर्ड जागच्या जागी थांबला. मी थांबले नाही. हेल्मेट आणि ग्लोव्ह्ज होते, म्हणून कोपर सोलण्यावर निभावलं. घरी उलटा करून बघितला तर चाकाच्या आकाराची काळी चंद्रकोर उमटलेली. पाव इंची रायझर (डेक आणि ट्रकच्या मध्ये बसवायचे तुकडे) लावले, त्यासाठी बोल्टही लांब घ्यावे लागले. आता घासत नाही, पण उंची आणखी वाढली. म्हणजे गुडघा पुन्हा आला मध्ये.

आणि उतार? या डेकवर एकदाच मोह झाला. वेग वाढला तशी मागच्या ट्रकमधून थरथर सुरू झाली, मऊ डेकने ती आणखी वाढवली. वजन पुढच्या पायावर टाकून कशीबशी सावरले आणि उरलेला उतार चालत गेले. तिथे तो 36 इंची कडक डेकच हवा, हे कबूल. ज्यांना बोर्डावर पावलं टाकत नाचायचं आहे त्यांना हे तिन्ही आखूड पडतील, त्यांनी 46 इंचांच्या आसपास बघावं.

सध्या सोमवार ते शुक्रवार ट्रक ड्रॉप-थ्रूवर असतात आणि शनिवारी सकाळी बांबूवर जातात. अदलाबदलीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बांबूच्या शेपटीला ओलीमुळे थर सुटायला लागला होता, कड घासून वॉर्निश मारल्यापासून थांबला आहे. 36 इंचीवरची ग्रिप टेप (पाय घसरू नये म्हणून वर चिकटवलेला खरखरीत थर) अजून नव्यासारखी आहे, मधल्या उंचवट्यावर तेवढी झिजली आहे.